ड्रम अँड बेसचा अल्बम बांधताना : कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ड्रम अँड बेस या जलद ठेक्याच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात काम करणारे आपल्याकडचे अनेक निर्माते सुटा ट्रॅक उत्तम करतात, पण अल्बम करायला घेतला की वर्ष-दीड वर्ष त्यात अडकून पडतात आणि शेवटी हाती येते ते दहा-बारा सुट्या ट्रॅकचे गाठोडे. माझ्या पहिल्या अल्बमची गत हीच झाली. बारा ट्रॅक मी एकामागोमाग एक पूर्ण केले, प्रत्येकाचे मिक्सिंग त्याच आठवड्यात उरकले, प्रत्येकावर लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) चढवला, आणि मग सगळे ओळीने लावून ऐकले तेव्हा लक्षात आले की सात ट्रॅक एकाच स्वरात आहेत, नऊ ट्रॅकची सुरुवात सारखीच आहे आणि स्नेअर, म्हणजे कडक वाजणारा ड्रम, दर ट्रॅकला वेगळ्या खोलीत वाजवल्यासारखा येतो आहे. मेहनत भरपूर झाली होती. क्रम चुकला होता. पुढचे टप्पे त्या चुकीनंतर बसवलेले आहेत. तुम्हाला सॉफ्टवेअर चालवता येते आणि १७४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १७४ मात्रांचा, निदान एक ट्रॅक तुम्ही शेवटपर्यंत नेलेला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

पूर्वतयारी : खोली, आकडे आणि संदर्भ

सुरुवात खोलीपासून करा, कारण या संगीतातले बहुतेक चुकीचे निर्णय कानामुळे होत नाहीत, भिंतींमुळे होतात. आपल्याकडची झोपायची खोली साधारण दहा बाय दहा फुटांची असते. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची स्थिर लहर तयार होते आणि खोली चौरस असल्यामुळे लांबी व रुंदी या दोन्ही दिशांना तीच लहर उभी राहते. ५६ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ ५५ हर्ट्झचा खालचा ए हा पाश्चात्त्य स्वर, अर्थात नेमकी सब-बेसची, म्हणजे सर्वांत खालच्या बेसची जागा. तुम्ही खोलीच्या मधोमध बसत असाल, तर तो स्वर तुम्हाला फारच क्षीण ऐकू येतो, मग तुम्ही त्याचा आवाज वाढवता आणि बाहेर कुठेही तो ट्रॅक भसाडा वाजतो. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतरावर ठेवा, आणि सबची पातळी ठरवताना चांगल्या हेडफोनवर पुन्हा ऐका. भिंतीला टेकवलेली गादी वरचे आवाज शोषते. ५६ हर्ट्झला तिचा काहीही उपद्रव होत नाही.

दुसरी तयारी आकड्यांची. १७४ बीपीएमला एक मात्रा ३४५ मिलिसेकंदांची असते, तिचा चौथा भाग ८६ मिलिसेकंदांचा आणि चार मात्रांचा एक बार १.३८ सेकंदांचा. म्हणजे १६ बार सुमारे २२ सेकंद, ३२ बार ४४ सेकंद आणि ६४ बार ८८ सेकंद. हे आकडे कागदावर लिहून टेबलासमोर लावावेत. डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (खोलीसारखी घुमणी), कॉम्प्रेसरचा म्हणजे आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या साधनाचा रिलीज (सोडण्याची वेळ) आणि प्रस्तावनेची लांबी ठरवताना त्यांचा रोज उपयोग होतो.

तिसरी तयारी संदर्भ-ट्रॅकची. तुम्हाला ज्यांचा ध्वनी मनापासून आवडतो असे तीनच प्रकाशित ट्रॅक निवडा, त्यांच्या मूळ डब्ल्यूएव्ही फाइली विकत घ्या आणि प्रोजेक्टमध्ये ठेवताना त्यांची पातळी ८ ते १० डेसिबलने खाली आणा. मास्टर झालेला, म्हणजे प्रकाशनासाठी अखेरचा हात फिरवलेला ट्रॅक तुमच्या कच्च्या मिक्सपेक्षा तेवढा मोठा असतोच, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो.

*तपासणी :* ४० ते ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच साइन-स्वर लावा आणि नेहमीच्या जागी बसून ऐका. जिथे आवाज अचानक फुगतो किंवा नाहीसा होतो ते आकडे टिपून ठेवा. त्या पट्ट्यांबाबत पुढे स्पीकरवर विश्वास ठेवायचा नाही.

टप्पा १ : हा नेमका कोणता अल्बम, हे आधी ठरवा

तुमच्याकडचे सगळे अर्धवट प्रोजेक्ट उघडून प्रत्येकातला सर्वांत जिवंत भाग, म्हणजे १६ बार, एक्सपोर्ट करा. वीस ते तीस तुकडे निघाले पाहिजेत. निघत नसतील, तर अल्बमची वेळ अजून आलेली नाही. आणखी दोन-तीन महिने नुसते तुकडे करत राहा. हे तुकडे फोनवर घेऊन संगणकापासून दूर, चालताना ऐका. पडद्यावरचे रंगीत पट्टे दिसत असतात तोवर आपण संगीत ऐकत नसतो, केलेले कष्ट मोजत असतो.

ऐकताना बहुधा असे दिसेल की हे एका अल्बमचे साहित्य नाही, दोन अल्बमांचे आहे. काही तुकडे क्लबमधल्या मोठ्या स्पीकरसाठी जन्माला आलेले असतात : लांब प्रस्तावना, एकच ठोस कल्पना, सुरावट जवळजवळ नाही. काही तुकडे घरी हेडफोनवर ऐकण्यासारखे असतात, त्यात कॉर्ड असतात, गळा म्हणजे गायन असते, अर्ध्या वेगाचे म्हणजे ८७ बीपीएमसारखे वाटणारे ठेके असतात. या दोन ढिगांची खिचडी करणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण तिच्यामुळे क्लबचा ट्रॅक घरी ऐकणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो आणि घरचा ट्रॅक डीजेच्या कामाचा राहत नाही. दोन वेगळे फोल्डर करा, दोन वेगळी तात्पुरती नावे द्या आणि एक अल्बम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

मग आकार ठरवा. विनाइल काढण्याचा विचार नसला तरी त्याचे गणित उपयोगी पडते. बारा इंची तबकडी ४५ आरपीएमला भरघोस आवाजात कापायची, तर एका बाजूला दहा-बारा मिनिटांच्या पुढे जाऊ नये. दोन तबकड्या म्हणजे चार बाजू, प्रत्येक बाजूला पाच-साडेपाच मिनिटांचे दोन ट्रॅक, एकूण आठ. माझ्या मते पहिल्या अल्बमला आठ ट्रॅक पुरेसे असतात. गोल्डी या ब्रिटिश ड्रम अँड बेस निर्मात्याच्या १९९५ सालच्या पहिल्या अल्बमचा शीर्षक-ट्रॅक एकटाच २१ मिनिटांचा आहे हे खरे, पण तो तीन भागांत बांधलेला आहे. नुसता ताणलेला नाही.

शेवटी स्वतःवर तीन बंधने घाला आणि ती लिहून काढा. उदाहरणार्थ : संपूर्ण अल्बममध्ये दोनच ब्रेक (जुन्या गाण्यांतून घेतलेले ड्रमचे तुकडे), एकच रिव्हर्ब आणि गळ्याचा वापर फक्त तीन ट्रॅकमध्ये. बंधन कोणते, याला फारसे महत्त्व नाही. ते ध्वनी घडवायच्या आधी घातलेले असले पाहिजे.

*इशारा :* या टप्प्यात कोणत्याही तुकड्याचे मिक्सिंग सुधारू नका. सुधारलेला तुकडा नंतर गाळवत नाही.

टप्पा २ : स्वर आणि वेगाचा तक्ता

ड्रम अँड बेसच्या अल्बमला एक अडचण असते जी इतर प्रकारांना एवढी जाणवत नाही. क्लबचे स्पीकर ४० हर्ट्झच्या खाली क्षीण होत जातात, आणि ५५ हर्ट्झच्या वर गेलेला सब पोटात जाणवेनासा होतो. त्यामुळे बेसचा मूळ स्वर ई म्हणजे ४१.२ हर्ट्झपासून ए म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, आणि बहुतेकांचे हात आपोआप एफ, एफ शार्प किंवा जी यांवर जातात. सुट्या ट्रॅकला यात काहीच वावगे नाही. आठ ट्रॅक ओळीने ऐकणाऱ्याला मात्र चौथ्या ट्रॅकपासून कान जड झाल्यासारखा वाटतो आणि कारण सांगता येत नाही.

उपाय असा की कागदावर दर ट्रॅकला एक रकाना आखावा आणि त्यात बेसचा मूळ स्वर, सुरावटीचा आधारस्वर, वेग आणि ठेक्याचा प्रकार लिहावा. बेस आणि सुरावट यांचा आधार एकच असला पाहिजे असा नियम नाही. बेस एफवर ठेवून वरचे कॉर्ड ए फ्लॅट मेजरकडे झुकवले, तर तोच स्वर वेगळ्या उजेडात ऐकू येतो. लागोपाठच्या दोन ट्रॅकमध्ये बेसचा मूळ स्वर सारखा येणार नाही एवढी काळजी घेतली तरी अर्धे काम होते. वेगाच्या बाबतीत १७० ते १७६ बीपीएमच्या आत राहा. एखादा ट्रॅक १६५ वर नेलात तर डीजे त्याला बहुधा हात लावणार नाहीत.

टप्पा ३ : ड्रम

सगळ्या ट्रॅकचे (शेवटी आठ ठेवायचे असले तरी आता दहा-बारांचे) ड्रम आधी करावेत आणि बेसला नंतर हात घालावा. ड्रम निश्चित नसताना घडवलेला बेस मोकळी जागा भरून टाकतो, आणि पुढे किकला, म्हणजे खालच्या जाड ड्रमला, शिरायला फट उरत नाही.

साधा टू-स्टेप ठेका असा बसतो : एका बारचे सोळा भाग केले, तर किक पहिल्या आणि अकराव्या भागावर, स्नेअर पाचव्या आणि तेराव्या भागावर, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला कान तबल्यावर वाढलेला असल्यामुळे समेवर जोर देण्याचा मोह होतो आणि दर चार बारला पहिल्या मात्रेवर झांज आदळली जाते. या संगीतात वजन स्नेअरवर असते, आणि अकराव्या भागावरची किक ही त्या स्नेअरकडे ढकलणारी असते. समेची झांज सोळा बारांतून एकदा पुरे.

ब्रेक वापरताना हा क्रम पाळा.

१. ब्रेक मूळ वेगातच नीट कापा. 'द विन्स्टन्स' या बँडच्या १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यातला चार बारांचा प्रसिद्ध ब्रेक सुमारे १३६ बीपीएमचा आहे. तो तबकडीसारखा नुसता वेगाने फिरवून १७४ वर नेला, तर चार अर्धस्वरांहून थोडा अधिक वर चढतो. हा चढलेला, कडक झालेला स्वर हवा की नको, हे आधी ठरवा. नको असेल तर प्रत्येक आघात सुटा कापून मूळ स्वरातच ठेवा. सॉफ्टवेअरचे टाइम-स्ट्रेच आघाताची धार बोथट करते.

२. ब्रेकचा १५० ते २०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका. तिथे तुमची स्वतंत्र किक येणार आहे.

३. स्वच्छ किक आणि स्नेअर ब्रेकखाली लावा आणि मग एका थराची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. उलटी केल्यावर आवाज अधिक भरीव वाटला, तर आधीची मांडणी एकमेकांना खात होती. त्यानंतर नमुने (सॅम्पल) एकेक मिलिसेकंद मागेपुढे सरकवून जुळवा.

४. स्नेअरचा गाभा साधारण १८० ते २२० हर्ट्झमध्ये असतो. तो ट्रॅकच्या स्वराशी लावून घ्या. जीमध्ये असलेल्या ट्रॅकला १९६ हर्ट्झचा स्नेअर सहज बसतो.

५. हाय-हॅट (छोटी जोडझांज) शेवटी. ब्रेकमधल्या वादकाने आघात थोडे मागेपुढे वाजवलेले असतात, आणि सोळावा भागच ८६ मिलिसेकंदांचा असल्यामुळे दहा मिलिसेकंदांची तफावतही जाणवते. सरळ रेषेत ठेवलेल्या हॅट त्या ब्रेकवर घसरतात. ब्रेकमधूनच ग्रूव्ह (आघातांची ती मागेपुढे मांडणी) काढून तो हॅटना लावा.

ताशाचे नमुने घालण्याची हौस अनेकांना असते, मलाही होती. ताशाची तडतड स्नेअरच्या धारेच्या आणि हॅटच्या जागेवरच येऊन बसते, त्यामुळे ताशा घ्यायचा तर त्या बारांपुरत्या हॅट काढाव्या लागतात. दोन्ही एकत्र ठेवून ईक्यूने, म्हणजे कंप्रतेनुसार आवाज कमी-जास्त करून, वाट काढण्याचा प्रयत्न मी तीन आठवडे केला आणि सोडून दिला.

*इशारा :* पहिल्या दिवसापासून नमुन्यांची वही ठेवा. कोणता आवाज कुठून आला, कोणत्या ट्रॅकमध्ये किती सेकंदाला आहे आणि परवान्याची प्रत कुठे आहे, एवढे तीन रकाने पुरतात. ठरावीक सेकंदांपेक्षा कमी भाग घेतला तर परवानगी लागत नाही, ही समजूत खोटी आहे. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेतला की दोन हक्क येतात : एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा रचनेचा, आणि दोघांचे मालक वेगळे असू शकतात. ड्रमरकडून तो भाग नव्याने वाजवून घेतला, तर पहिला प्रश्न सुटतो; रचनेचा तपासावाच लागतो. वर उल्लेखलेला ब्रेक वाजवणारे ग्रेगरी कोलमन २००६ साली वारले, आणि तोपर्यंत हजारो ट्रॅकमध्ये वापरल्या गेलेल्या त्या काही सेकंदांचे मानधन त्यांना कधी मिळाले नव्हते. कायदा बाजूला ठेवला तरी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

टप्पा ४ : बेस

बेस दोन वेगळ्या चॅनेलवर करायचा : सब एका, मधला बेस दुसऱ्या. सब म्हणजे शुद्ध साइन-लहर, पूर्ण मोनो (डाव्या-उजव्या बाजूंना सारखी), तिच्यावर कोणताही कोरस किंवा रिव्हर्ब नाही. मधल्या बेसमध्ये हवे ते करा, पण त्याचा १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापा.

असे का, हे रीस बेसच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. केव्हिन सॉन्डरसनच्या १९८८ सालच्या एका डेट्रॉइट ट्रॅकवरून नाव मिळालेला हा ध्वनी म्हणजे मुळात किंचित बेसूर लावलेल्या दोन सॉ-लहरी (करवतीच्या दात्यांसारख्या लहरी). समजा मूळ स्वर एफ, म्हणजे ४३.६५ हर्ट्झ आहे आणि दोन लहरींत २० सेंटचा, म्हणजे अर्धस्वराच्या पाचव्या भागाचा फरक आहे. त्यांच्या मूळ कंप्रतांतला फरक अर्ध्या हर्ट्झचा होतो, म्हणजे दर दोन सेकंदांनी त्या एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. १७४ बीपीएमला दोन सेकंद म्हणजे साधारण दीड बार. परिणामी तुमचा तळ दर दीड बारला नाहीसा होऊन परत येतो, कधी किकबरोबर, कधी स्नेअरबरोबर, आणि ड्रॉप (प्रस्तावनेनंतर ठेका आणि बेस एकदम सुरू होतात ती जागा) कधी अंगावर येतो तर कधी पोकळ वाटतो. वरच्या हार्मोनिक्समध्ये (मूळ कंप्रतेच्या पटींत) हीच हालचाल अधिक वेगाने होते आणि तिथे ती गोड लागते, कारण रीसचा घुमता पोत तिनेच तयार होतो. म्हणून तळ कापायचा आणि तिथे स्थिर साइन ठेवायची. हे न समजल्यामुळे लोक कॉम्प्रेसरवर कॉम्प्रेसर चढवतात. जी गोष्ट तिथे उरलेलीच नाही ती कॉम्प्रेसर कुठून आणणार?

मधला बेस घडवताना रीसॅम्पलिंगची शिस्त लावून घ्या. सिंथमधून आठ बार ऑडिओ म्हणून काढा, त्यावर फिल्टर आणि डिस्टॉर्शन चालवत पुन्हा ऑडिओ काढा, आणि तिसऱ्या फेरीनंतर सिंथ बंद करा. त्या आठ बारांतले उत्तम दीड-दोन सेकंद कापून त्यांची बेसओळ बांधा. सिंथ चालू ठेवला की माणूस महिनाभर बटणे फिरवत बसतो, आणि अल्बम अडतात ते बहुतेक इथेच.

सब किकला वाट देईल अशा बेताने साइडचेन (किक वाजताच सब दाबणारा कॉम्प्रेसर) लावा. रिलीज ८० ते १२० मिलिसेकंद, म्हणजे साधारण सोळाव्या भागाएवढा. त्याहून लांब ठेवला तर सब धापा टाकल्यासारखा ऐकू येतो.

*तपासणी :* संपूर्ण ट्रॅक मोनो करा आणि अगदी हळू आवाजात ऐका. स्नेअर आणि बेसची ओळ दोन्ही कळली पाहिजेत. मग फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे सब ऐकू येणार नाही, पण बेसची चाल तरीही गुणगुणता आली पाहिजे. येत नसेल तर मधल्या बेसमध्ये काहीच नाही.

टप्पा ५ : मांडणी

क्लबच्या ट्रॅकची प्रस्तावना ३२ किंवा ६४ बारांची ठेवा आणि ती संख्या मोडू नका. डीजे दोन ट्रॅकचे ड्रॉप एकाच क्षणी पाडतात, याला डबल ड्रॉप म्हणतात, आणि तुमच्या प्रस्तावनेत दोन बार जास्तीचे असले तर गर्दीसमोर त्यांची फजिती होते. एकदा झाली की तो ट्रॅक त्यांच्या पेटीतून जातो. घरी ऐकण्याच्या अल्बममध्ये याच्या उलट करावे : ८८ सेकंदांची प्रस्तावना तिथे कोणी सहन करत नाही, सोळा बार खूप झाले. दोन्ही हवे असेल तर अल्बमची आवृत्ती आणि डीजेंची लांब आवृत्ती अशा दोन फाइली करा.

दुसरा ड्रॉप म्हणजे पहिल्याची नक्कल असू नये, एवढेच येथे सांगतो. ठेका बदला किंवा बेसचे उत्तर बदला. दोन्ही एकदम बदलू नका.

टप्पा ६ : बाहेर वाजवून पाहा आणि गाळा

नव्वदच्या दशकात लंडनचे निर्माते ट्रॅक पूर्ण झाला की 'म्युझिक हाउस'सारख्या ठिकाणी त्याची डबप्लेट (एकच चाचणी-तबकडी) कापून घेत आणि तो त्याच आठवड्यात वाजवला जाई. लंडनमधल्या हॉक्स्टनच्या 'ब्लू नोट' क्लबमध्ये रविवारी होणाऱ्या मेटलहेड्झ या लेबलच्या रात्री अशाच अप्रकाशित ट्रॅकवर चालत. तबकडी गेली, पद्धत टिकली आहे, कारण मोठ्या स्पीकरवर आणि दुसऱ्याच्या ट्रॅकमध्ये मिसळून ऐकल्याशिवाय दोष कळत नाही.

तुम्हाला क्लब मिळत नसेल तर डीजे सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे ट्रॅक तुमच्या तीन संदर्भ-ट्रॅकमध्ये मिसळून तासाभराचा सेट करा. ओळखीच्या मंडपवाल्याच्या गोदामात दुपारच्या वेळी सबवूफर लावून घेण्याची सोय झाली तर फारच उत्तम. मी चहा-भज्यांच्या मोबदल्यात ती दोनदा करून घेतली आहे. पहिल्या वेळी माझ्या एका ट्रॅकची किक अजिबात ऐकू आली नाही, कारण ती आणि सब दोन्ही ५० हर्ट्झवर बसले होते. घरच्या खोलीत हा गोंधळ मला सहा महिन्यांत कळला नव्हता.

ऐकताना फक्त दोनच गोष्टी लिहा : कुठे लक्ष उडाले आणि काय ऐकू आले नाही. या टप्प्यानंतर दहा-बारा ट्रॅकमधून आठ ठेवायचे आणि उरलेले नाव बदलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे.

टप्पा ७ : मिक्सिंग, सर्वांचे एकत्र

आठही ट्रॅकचे मिक्सिंग सलग दोन-तीन आठवड्यांत करा. महिन्यांच्या अंतराने केलेली मिक्स कधीच एका अल्बमची वाटत नाहीत, कारण मधल्या काळात तुमचा कान बदललेला असतो.

एक सामाईक प्रोजेक्ट उघडा, त्यात आठही ट्रॅकच्या ड्रॉपचे सोळा बार शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकाचा स्नेअर सारख्याच उंचीवर येईपर्यंत मूळ प्रोजेक्टमध्ये दुरुस्ती करा. स्नेअर हा मोजपट्टीचा खिळा. तो एकदा ठोकला की किक, सब आणि बाकीचे त्याच्याभोवती बसवता येतात. सबनंतर गळा आणि सुरावट, मग रिव्हर्ब. मास्टर चॅनेलवर लिमिटर लावूनच मिक्स करणारे पुष्कळ आहेत, या प्रकारात ते चालतेही, पण एक्सपोर्ट करताना तो काढा.

*तपासणी :* एक्सपोर्ट २४ बिट डब्ल्यूएव्ही, प्रोजेक्टच्याच सॅम्पल रेटमध्ये, सर्वोच्च शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास. फाइल उघडून सुरुवातीचा पहिला आघात कापला गेलेला नाही ना आणि शेवटचा रिव्हर्ब पूर्ण विरतो ना, हे कानाने ऐका.

टप्पा ८ : ओळ आणि मास्टरिंग

ट्रॅकची ओळ मास्टरिंगच्या आधी ठरते, नंतर नाही, कारण मास्टर करणाऱ्याला शेजारचा ट्रॅक माहीत असावा लागतो. टप्पा २ मधला तक्ता पुन्हा काढा. सर्वांत जोरकस ट्रॅक पहिला ठेवण्याची घाई करू नका. तो दुसरा किंवा तिसरा असला की आधीच्या शांततेमुळे अधिक उठतो. विनाइल काढणार असाल तर प्रत्येक बाजूचा पहिला ट्रॅक तिखट, झांजांनी भरलेला असावा आणि आतला मवाळ, कारण तबकडीच्या मध्याकडे जाताना खाचेचा वेग कमी होतो आणि वरचे स्वर फाटू लागतात.

मास्टरिंग एकाच माणसाकडून, एकाच वेळी, संपूर्ण अल्बमचे करून घ्या. स्पॉटिफाय आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) आणते, म्हणून मास्टरही तेवढाच करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ड्रम अँड बेसला लागू पडत नाही : डीजेच्या मिक्सरवर तुमचा ट्रॅक त्याहून कितीतरी मोठ्या आवाजात मास्टर झालेल्या ट्रॅकशेजारी वाजणार असतो. उलट टोकाला जाऊन स्नेअरची धार जाईपर्यंत दाबणेही मूर्खपणाचेच. धार शिल्लक आहे तिथे थांबावे, आकडा जो येईल तो येवो. ट्रू पीक (लहरीचे खरे सर्वोच्च शिखर) उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. विनाइलसाठी वेगळा मास्टर मागा, लिमिटर सौम्य असलेला आणि तळ मोनो असलेला.

टप्पा ९ : नोंदी आणि तारीख

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक आयएसआरसी क्रमांक (त्याची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो. भारतात ते इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, आणि बहुतेक वितरकही स्वतःकडून देतात. लांब आवृत्ती आणि अल्बमची आवृत्ती यांचे क्रमांक वेगळे असतात. पण आधी सिंगल म्हणून आलेला तोच ट्रॅक अल्बममध्ये तसाच घेतला, तर क्रमांकही तोच द्यायचा, नाहीतर आधीचे प्ले त्याच्याशी जोडले जात नाहीत. रचनाकार म्हणून आयपीआरएस या रचनाकारांच्या हक्कसंस्थेचे सभासदत्व प्रकाशनाआधी घ्या. कलाकाराचे नाव रोमन आणि देवनागरी यांपैकी एकाच लिपीत, एकाच स्पेलिंगने, सगळीकडे. एका वितरकाकडे माझे नाव एका ट्रॅकवर एका अक्षराने वेगळे गेले आणि माझी दोन प्रोफाइल तयार झाली. ती एक करायला दोन महिने लागले.

तारीख उलट बाजूने मोजा. विनाइल असेल तर आधी टेस्ट प्रेसिंग (तपासण्यासाठी काढलेली तबकडी) येते, आणि ती दोन वेगवेगळ्या टर्नटेबलवर, सगळ्या बाजू शेवटपर्यंत ऐकून मंजूर करेपर्यंत तारीख जाहीर करू नका. दोन्ही यंत्रांवर एकाच ठिकाणी खट् आवाज आला तर दोष तबकडीत किंवा तिच्या साच्यात आहे. एकाच यंत्रावर आला तर ती सुई किंवा धूळ आहे. अल्बमआधी दोन सिंगल पुरेत, त्यांत पाच-सहा आठवड्यांचे अंतर ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ट्रॅक पाठवायचा असेल तर तो प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी पाठवावा लागतो आणि एका वेळी एकच पाठवता येतो. मी तीन-चार आठवडे आधी पाठवतो.

प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात आठही प्रोजेक्टचे सगळे चॅनेल शून्य सेकंदापासून सुटे ऑडिओ म्हणून काढा, नमुन्यांची वही स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. तीन वर्षांनी कोणी रिमिक्स मागितला तेव्हा निम्मे प्लगइन उघडणार नाहीत.